पोह्यांच्या बशीत काय कमी आहे?



या व्याख्यानमालेत याआधी संतसाहित्यावर बोलणं झालं, सहकारावर झालं, राज्यघटनेवर झालं. यंदा संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘नाश्ता’. फोनवर पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, ‘‘पत्रिकेत ‘आहार आणि आरोग्य’ असं छापू का?’’ मी म्हटलं, नको. आहार आणि आरोग्य म्हटलं की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन जे खायचं तेच खातात. नाश्ताच छापा. त्यांनी छापलं, आणि सभागृह भरलं. त्यावरून मला एवढंच कळतं की समोरच्या बऱ्याच घरांत ग्लुकोमीटर आहे.

एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्यासपीठावर उगाच आकडे फेकायचे नसतात, म्हणून मोजकेच सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेले लोक 10 कोटींच्या वर आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले 13 कोटींच्या वर. हे उंबरठ्यावरचे लोक महत्त्वाचे. त्यांची उपाशीपोटी साखर 100 ते 125च्या दरम्यान असते. 126 झाली की आम्ही मधुमेह म्हणतो. त्या 26 आकड्यांच्या पट्टीवर माणूस कधीकधी दहा वर्षं बसून असतो, आणि त्या दहा वर्षांत रोज सकाळी नाश्ता करतो.

तर आधी सकाळबद्दल बोलू.

माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतो. ‘‘डॉक्टर, रात्री आठला जेवलो. मध्ये पाण्याशिवाय काही नाही. तरी सकाळची साखर रात्रीपेक्षा जास्त कशी? मशीन बिघडलंय का?’’ मशीन बिघडलेलं नसतं. आपलं यकृत म्हणजे घरातली कणगी आहे. बाहेरून काही येईनासं झालं की ते साठवणीतलं ग्लुकोज थोडं थोडं रक्तात सोडतं. पहाटे तीन-चारनंतर शरीर उठायची तयारी करू लागतं, कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक वर चढतं, आणि ग्लुकोज सोडायचा वेगही वाढतो. धडधाकट माणसात इन्सुलिन हा वेग आवरतं. मधुमेहात ते आवरायला कमी पडतं. भरीला, रात्रभराच्या उपवासानं रक्तात चरबीचे घटक वाढलेले असतात आणि त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम आणखी मंदावतो. म्हणून मधुमेह असलेल्या पुष्कळ लोकांत दिवसभरातली सगळ्यात उंच उडी दुपारच्या भरल्या ताटानंतर दिसत नाही, ती दिसते सकाळच्या एका बशीनंतर. दंडावर सेन्सर लावून चौदा दिवसांचा आलेख काढला की हे डोळ्यांनी दिसतं. जेवणाला सगळे बिचकतात. नाश्त्याला कोण बिचकतो?

आणि नाश्ता सुरू होतो कधी? एका निवृत्त एसटी वाहकांशी माझं झालेलं बोलणं सांगते.

‘‘काका, सकाळी काय घेता?’’

‘‘पोहे. कधी उपमा.’’

‘‘त्याच्या आधी?’’

‘‘काही नाही.’’

‘‘चहा?’’

‘‘चहा तर होतोच की!’’

‘‘नुसता?’’

‘‘नुसता कसा... दोन-तीन बिस्किटं. खारी असली तर खारी.’’

म्हणजे सहा वाजता साखरेचा चहा आणि मैदा, साडेआठला पोहे, पोह्यांनंतर पुन्हा अर्धा कप. तीन वेळा खाऊन झालं आणि हिशेबात एकच धरलं. काका खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे चहाला खाणं म्हणायची पद्धतच नाही. आता रस्त्यारस्त्यावर ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या लागल्यात आणि मधुमेह असलेली मंडळी तिथे निर्धास्त उभी असतात. गूळ बव्हंशी साखरच आहे, मंडळी. रंग वेगळा, चव वेगळी, थोडं लोह. रक्ताला त्यातला फरक कळत नाही. मधाचंही तेच.

आता बशीकडे येते. आज मला सांगायचं आहे ते मुख्यतः इथेच आहे.

आपल्या मराठी मध्यमवर्गीय घराचं आठवड्याचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा. सोमवारी पोहे. मंगळवारी उपमा. बुधवारी शेवयांचा उपमा. गुरुवारी उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी. शुक्रवारी इडली. शनिवारी फोडणीची पोळी. रविवारी मुलं मागतील ते. केवढं वैविध्य! पण माझ्या नजरेनं पाहा. तांदूळ, रवा, मैदा किंवा रवा, कंदाचं पीठ, पुन्हा तांदूळ, गहू. इडलीत उडीद आहे म्हणून ती जरा बरी. बाकी सगळीकडे पिष्ट, म्हणजे स्टार्च. फोडणी तेवढी बदलते.

पोह्यांचाच हिशेब करू. घरची एक भरगच्च बशी म्हणजे साधारण 70 ग्रॅम कोरडे पोहे. त्यात कर्बोदकं 54 ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिनं पाचाच्याही आत. वर आपण त्यात बटाटा घालतो, म्हणजे पिष्टात पिष्ट. चिमूट-चिमूट म्हणत चमचाभर साखर. कडेला शेव. पोहे मुळात भात चेपून केलेले, तेव्हा पचायला हलके, हे आपण कौतुकानं सांगतो. हलके म्हणजे काय? लवकर पचणारे. लवकर पचणारे म्हणजे लवकर ग्लुकोज होणारे. आजाऱ्याला जो गुण, तो मधुमेहाला दोष.

साबुदाण्याचं काय सांगावं? 100 ग्रॅममध्ये 87 ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाचा, तमिळनाडूत सेलमकडे दाणे पाडून तयार होणारा हा पदार्थ आपल्या उपासाचा राजा कसा झाला हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. एकादशी अन् दुप्पट खाशी एवढंच मला माहीत आहे. त्या खिचडीत वाचवणारी वस्तू एकच, दाण्याचं कूट. म्हणून उपास मोडायचा नसेल त्यांना मी सांगते, साबुदाणा अर्धा करा, दाणे दुप्पट करा, बरोबर वाटीभर दही घ्या. राजगिऱ्याची भाकरी जमत असेल तर साबुदाण्याला रजाच द्या.

कुणी म्हणेल, बाई, आमचे आजोबा सकाळी दोन भाकऱ्या खात होते, त्यांना कुठं झाला मधुमेह? खात होते. आणि त्या भाकऱ्या खाऊन दुपारपर्यंत नांगरामागे चालत होते. भाकरी राहिली, नांगर गेला.

नांगर गेला ही एक गोष्ट. दुसरी मात्र पुण्यातच सापडली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, 22.3. म्हणजे उंचीच्या मानानं दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो, हे त्या एका फोटोनं जगाला दाखवलं. त्यामुळे ‘‘मी तर काटकुळा आहे, मला कशाला पथ्य?’’ हा आपला आवडता युक्तिवाद टिकत नाही. स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त असं शरीर घेऊन आपण 54 ग्रॅम कर्बोदकांच्या बशीला सामोरे जातो.

मग पोहे सोडायचे? ओट्स खायचे?

इथे मी जरा थांबते, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. दोन मिनिटांत शिजणारे, मसाला घातलेले ओट्स पुष्कळदा पोह्यांइतकीच साखर चढवतात. ओटचा दाणा जितका चिरडलेला तितका तो लवकर पचतो. मक्याच्या कुरकुरीत पोह्यांबद्दल बोलतच नाही. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या बिस्किटाच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. पुष्कळदा पहिला शब्द मैदा सापडेल. बरं, पांढरा तांदूळ सोडून गव्हाकडे किंवा ज्वारी-नाचणीच्या पिठाकडे वळलं तर? त्याच देशव्यापी पाहणीच्या आहाराच्या माहितीवरून 2025 साली निबंध प्रसिद्ध झाला. सरासरी भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी 62 टक्के कर्बोदकांतून येतात असं त्यात दिसलं. आणि नुसता तांदूळ काढून त्या जागी दळलेला गहू किंवा भरडधान्याचं पीठ ठेवल्यानं मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कर्बोदकं कमी होऊन त्यांच्या जागी डाळी, दूधदुभतं यांतली प्रथिनं आली तिथे मात्र तो कमी दिसला. ज्वारीची भाकरी वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्यात तंतू आहेत, मी स्वतः खाते. पण एका धान्याजागी दुसरं धान्य आणून आपण सुटलो असं समजू नका.

तर बशीत कमी काय आहे? डाळ कमी आहे. कडधान्य कमी आहे. दही, अंडं, दाणे कमी आहेत. गंमत अशी की हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात आहे, पण त्याला दुपारी बाराच्या आधी पानात यायला बंदी आहे. मटकीची उसळ दुपारी चालते. पिठलं रात्री चालतं. सकाळी उसळ म्हटली की घरातले म्हणतात, हे काय जेवण आहे का? ही बंदी कुणी घातली? कुठल्या शास्त्रात लिहिलंय की सकाळी फक्त पिष्ट खावं?

आता पोहेच करू, पण वेगळ्या हिशेबानं. एका माणसाचे सांगते. पोहे अर्धेच घ्या, 35 ग्रॅम; जाडे घ्या, चाळणीत धरून पाणी घाला आणि निथळायला ठेवा. मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधलेली असली की सकाळी मोड तयार असतात. कढईत तेल, मोहरी तडतडली की मूठभर शेंगदाणे. ते तांबूस होईस्तोवर थांबा, घाई केली की कच्चे लागतात. मग हिरवी मिरची, कढीपत्ता, आणि कांदा नेहमीच्या दुप्पट. कांदा मऊ झाला की मोडाची मटकी वाटीभर, पाण्याचा हबका मारून झाकण. मटकी बोटानं दाबली जाईल इतपतच शिजवायची, गाळ करायची नाही. मग हळद, मीठ, शेवटी पोहे, एक वाफ. लिंबू, कोथिंबीर, खोबरं. बटाटा नाही, साखर नाही, शेव नाही. बरोबर वाटीभर दही. बशी तेवढीच भरलेली दिसते. पण प्रथिनं पाचावरून पंधराच्या आसपास गेली आणि कर्बोदकं 54 वरून चाळिशीच्या घरात आली, त्यातलीही काही मटकीची, सावकाश पचणारी. चवीला म्हणाल तर पहिल्या दिवशी घरातले नाक मुरडतात. मुरडू द्या.

कडधान्य सावकाश का पचतं? त्यातलं पिष्ट पेशींच्या जाड भिंतींत कोंडलेलं असतं, तंतूंत गुंतलेलं असतं. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी 1981 साली ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कुठलं अन्न साखर किती चढवतं ते मोजायची पट्टी, मांडली. शुद्ध ग्लुकोजला 100 धरलं, आणि कडधान्यं त्या पट्टीवर अगदी खाली बसली. पुढे त्यांच्याच कामात आणखी एक सुरेख गोष्ट दिसली. सकाळी मसूर खाल्ले तर दुपारच्या जेवणानंतरची साखरसुद्धा कमी चढते. सकाळच्या मटकीचं व्याज दुपारी मिळतं!

हेच तत्त्व धरून बाकीचं तुम्हीच ठरवाल. भिजवलेल्या मुगाचं धिरडं. डाळीच्या पिठाचं, कांदा-कोथिंबीर घातलेलं धिरडं. थालीपीठ, मात्र भाजणी घरची, डाळींचा हात सैल ठेवून भाजलेली, कारण विकतच्या काही भाजण्यांत धान्यच फार असतं. दोन अंडी आणि एक पोळी, चार पोळ्या आणि एक अंडं नव्हे. इडली दोन, आणि सांबार वाटीभर नको, वाडगाभर. आणि एक नाव घेते, हसू नका. मिसळ. टेकडी चढून उतरलं की रविवारी आपण चोरासारखे मिसळ खायला जातो. अहो, मिसळीच्या तळाशी मटकी आहे! फरसाण चमचाभर, वरची तर्री बाजूला, दुसऱ्या वाटीत जादा उसळ मागवायची आणि जोडीतला एक पाव परत करायचा. अशी मिसळ बटाटेपोह्यांपेक्षा साखरेला कितीतरी बरी. दोन पाव आणि त्यावर जिलबी असेल तर माझं नाव सांगू नका.

खाण्याचा क्रमही बघा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अल्पना शुक्ला यांनी 2015 साली अवघ्या 11 रुग्णांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. जेवण तेच, रुग्ण तेच. एकदा पाव आधी, एकदा भाजी आणि प्रथिनं आधी, पाव शेवटी. दुसऱ्या क्रमात तासाभरानंतरची साखर 37 टक्क्यांनी कमी होती. प्रयोग छोटा होता, पण नंतरच्या अभ्यासांतही दिशा तीच दिसली. याला पैसा लागत नाही. उसळ आधी, दही आधी, अंडं आधी. पोळी, पाव, पोहे नंतर. आणि खाऊन झालं की वर्तमानपत्र उघडायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं चाला. चालणारा स्नायू रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतो.

‘‘मग नाश्ताच सोडला तर?’’ हा प्रश्न महाराष्ट्रात गेली काही वर्षं फार जोरात आहे. दोनच वेळा जेवा म्हणणारे दीक्षित की दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्या दिवेकर, यावर घराघरांत फूट पडलेली मी पाहिली आहे. नवरा दोन वेळा जेवणारा, बायको दर दोन तासांनी. मी या वादात पडत नाही. दोनच गोष्टी सांगते. मधुमेह असलेल्यांनी नाश्ता टाळला की दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर जास्त चढते, असं तेल अवीवच्या संशोधकांना दिसलं आहे. ज्यांचं वजन दोन वेळा जेवून उतरलं त्यांची साखर सुधारलेलीही मी पाहिली आहे. पण दुसरी गोष्ट वादाची नाही. तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल, तर गोळी घेऊन नाश्ता सोडणं हा जिवाशी खेळ आहे. हातापायाला कंप, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी साखर मोजा, नंतर खा. आणि नाश्त्यातली कर्बोदकं एकदम निम्मी करणार असाल तर आधी डॉक्टरांकडून डोस बघून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी विचारावं.

एक गोष्ट पुरुष श्रोत्यांसाठी. माझ्याकडे नवऱ्याची फाइल घेऊन बायका येतात. त्यात नाश्त्याच्या वेळा, चपात्यांचे आकडे, सगळं लिहिलेलं असतं. मग मी विचारते, ‘‘तुमची साखर?’’ ती 180 निघते. ‘‘नाश्ता काय केला?’’ ‘‘सगळ्यांचे डबे झाल्यावर राहिलेली पोळी चहात बुडवून.’’ वाजले किती? अकरा. उभ्यानं. गोळी मात्र सातला घेतलेली, नवऱ्याबरोबर, आठवणीनं. बशीत काय असावं यावर मी तासभर बोलेन, पण ज्या बाईला बशीच मिळत नाही तिला मटकीचा काय उपयोग? घरातली मटकी रात्री दुसऱ्या कुणी बांधली आणि सकाळी कांदा दुसऱ्या कुणी चिरला, तर तिचा नाश्ता दोन तास अलीकडे येईल. हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, नाहीतर मी रोज लिहिलं असतं.

आणि माझ्या शब्दावर विसंबू नका. ग्लुकोमीटर घरात आहे ना? एके दिवशी नेहमीचे पोहे करा. खाण्याआधी एकदा मोजा, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहा. दोन दिवसांनी मटकी घातलेले पोहे करा, तसंच मोजा. दोन तासांनंतरचा आकडा 180च्या आत असावा असं आम्ही सर्वसाधारणपणे म्हणतो. कुणाला इडली चालते आणि उपमा चालत नाही, कुणाचं उलट. ते तुमच्या भिंतीवर तुम्हालाच दिसेल.

संयोजक घड्याळ दाखवताहेत आणि चिठ्ठ्या यायला लागल्यात. पहिलीच चिठ्ठी, नाव न घालता: ‘हापूसच्या दिवसांत सकाळी काय करावं?’ चिठ्ठी लिहिणाऱ्यानं जागेवरच बसावं, मी शोधणार नाही. मध्यम हापूसच्या गरात 20 ते 25 ग्रॅम कर्बोदकं असतात. तेव्हा अर्धा आंबा, फोडी करून, आमरस करून नाही. धिरडं किंवा अंडी खाऊन झाल्यावर. आणि त्या दिवशी पोळीला सुट्टी. आमरस-पुरीला नाश्ता म्हणत असाल तर त्याचा आकडा कालनिर्णयवर लिहून मला आणून दाखवा. दुसरी चिठ्ठी द्या.